पंचविसाव्या पानासाठी गेलो अन कांद्याच्या भावापाशी पोचलो : सीआयएच्या फुकट वाचनालयाचा रिव्ह्यू

पाचातले साडेतीन स्टार. आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी लई भरकटणार आहे, कुणाला वेळ नसेल तर इथूनच परत फिरलं तरी चालेल.

रिव्ह्यू कशाचा, तर अमेरिकेच्या सीआयएनं जुने गुप्त कागद स्वतःच्या वेबसाइटवर लोकांसाठी ठेवलेत, त्याला ते रीडिंग रूम म्हणतात, त्याचा. फी नाही, लॉगिन नाही, ओटीपी नाही. मी जुळे सोलापुरात अकरावी-बारावीला गणित अन फिजिक्स शिकवतो, हेरगिरीशी माझा संबंध पोरांच्या कॉप्या पकडण्यापुरताच. दिवाळीनंतर बॅच सुरू झाली तेव्हा एका पोरानं मोबाइल पुढं केला, "सर हे बघितलाव का, सीआयएनं सिद्ध केलंय की माणूस शरीर सोडून बाहेर जाऊ शकतो, अन त्या रिपोर्टचं पंचविसावं पानच गायब केलंय." रील होती, मागं ते घुमणारं म्युझिक, लाल बाण, सगळं व्यवस्थित. बीट्स, म्हणजे जवळजवळ सारख्या दोन सुरांचा वरखाली होणारा आवाज, शिकवायला घेतले होते अन पोरं बघायली होती हे. म्हणलं ठीक आहे, मूळ कागद काढतो अन उद्या येतो.

मूळ कागद सापडायला एक तास गेला. सर्च म्हणजे निव्वळ डोकेदुखी. टाइपरायटरवर मारलेली पानं स्कॅन केलीत, कॉम्प्युटरनं त्याची अक्षरं जशी जमली तशी वाचलीत, त्यामुळं तुम्ही शब्द बरोबर टाकला तरी तिकडं तो तुटून पडलेला असतो. कागदाच्या नावानं शोधायला जाऊ नका, प्रत्येक कागदाला सीआयए-आरडीपी असा लांबलचक नंबर असतो तो मिळवा अन तोच टाका. गंमत म्हणून मी सोलापूर पण टाकून बघितलं, मग इंग्रजांच्या काळातलं शोलापूर टाकून बघितलं, एक अख्खी संध्याकाळ घालवली अन सांगण्यासारखं काही हाती लागलं नाही. माझ्या फोनवर मोठी पीडीएफ उघडताना चहा होऊन जातो. पाचातला अर्धा स्टार जो कापलाय तो इथं.

पण हेही ऐका की हे वाचनालय आधी कसं होतं. २००० साली यांनी सगळं कॉम्प्युटरमधे घातलं खरं, पण ते कॉम्प्युटर किती, तर चार. तेही मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधे, ऑफिसच्या टायमात. म्हणजे अमेरिकन माणसालासुद्धा तिथं जाऊन नंबर लावायचा. मग मकरॉक नावाच्या संस्थेनं कोर्टात केस घातली, एकानं लोकांकडून वर्गणी गोळा करून ठरवलं की तिथंच बसून एकेक पान प्रिंट काढायचं अन परत स्कॅन करून नेटवर टाकायचं, तेव्हा कुठं जानेवारी २०१७ मधे ह्यांनी सगळं ऑनलाइन सोडलं. सुमारे ९ लाख ३० हजार कागद, १ कोटी २० लाखांच्या वर पानं. थोडक्यात दुकान मालकानं खुशीनं उघडलेलं नाही, गिऱ्हाइकांनी शटर वाजवून वाजवून उघडायला लावलंय.

तर तो रीलमधला रिपोर्ट, त्याला गेटवे रिपोर्ट म्हणतात. मी स्क्रीनवर लांबलचक वाचू शकत नाही, म्हणून पेनड्राइव्ह घेऊन नेहमीच्या झेरॉक्सवाल्याकडं गेलो. त्यानं पहिलं पान बघितलं, शिक्के बघितले, म्हणाला "सीएचं मटेरियल का सर? पोरगी बसवलाव का सीएला?" म्हणलं नाही, सीआयए. तो म्हणाला एकच की ओ. साठेक रुपये झाले.

आता रीलमधे सांगत नाहीत ते सांगतो. पहिली गोष्ट, हा रिपोर्ट सीआयएचा नाहीच. अमेरिकन आर्मीचा लेफ्टनंट कर्नल वेन मॅकडॉनेल, त्यानं ९ जून १९८३ ला आपल्या साहेबाला लिहून दिलेला अहवाल आहे, नंतर तो सीआयएच्या फायलीत पडला अन २००३ मधे बाहेर आला. दुसरी गोष्ट, त्यात प्रयोग नाही. व्हर्जिनियातल्या रॉबर्ट मन्रोच्या संस्थेत हेडफोन लावून एक कोर्स करायचा, एका कानात समजा १०० हर्ट्झ अन दुसऱ्या कानात १०४, मेंदूला ४ चा फरक बीट्ससारखा जाणवतो, इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही, हे मी स्वतः शिकवतो. पण त्यापुढं कर्नलसाहेब सुटले की हो, विश्व म्हणजे होलोग्राम, मग प्लँकचं अंतर, म्हणजे १० चा उणे ३३ वा घात सेंटीमीटर, त्याच्या खाली गेलं की जाणीव काळाच्या बाहेर पडते. तक्ता कुठंय? किती जणांवर केलं? हेडफोन न लावलेले किती होते? काही नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलमधे पोरानं निरीक्षणं न लिहिता डायरेक्ट निष्कर्ष लिहिला तर मी सही देत नाही, हे तसं आहे.

अन पंचविसावं पान. खरंच नाहीये, २४ नंतर एकदम २६. पोरांचं तेवढं बरोबर होतं. पण ते पान २०२१ मधे मन्रोच्या संस्थेकडनंच बाहेर आलं अन त्यात जे आहे ते आधीच्या २४ पानांचंच पुढचं प्रवचन, परमतत्त्व वगैरे. बॅचला सांगितलं तर पोरांचा इतका भ्रमनिरास झाला की एक जण म्हणाला "सर, हे पान खोटं असंल, खरं अजून दाबून ठेवलं असंल." याच्यावर काय बोलणार.

त्याच फायलींत स्टारगेट पण सापडतं, म्हणजे लांबचं मनानं बघण्याचे प्रयोग, अन इथं मात्र मी दोन आठवडे अडकलो. १९७२ पासून कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधे हॅरॉल्ड पुटॉफ अन रसेल टार्ग हे दोघं फिजिक्सवाले सीआयएच्या पैशावर बघत होते की एका खोलीत बसून लांबची जागा दिसते का. त्यांचा पेपर १९७४ मधे नेचरला छापून आलाय, म्हणजे गल्लीतलं मासिक नाही. नंतर हे आर्मी, मग डीआयए ही लष्कराची हेरसंस्था, असं हात बदलत वीसेक वर्षं चाललं, सुमारे २ कोटी डॉलर गेले. २२ मे १९८४ चा एक कागद आहे, बंद पाकिटात कार्ड, त्यावर लिहिलेलं मंगळ ग्रह, इसवीसनापूर्वी दहा लाख वर्षं, अन समोरचा माणूस पिरॅमिड अन उंच सडसडीत माणसं वर्णन करतोय. वाचायला जबरदस्त. तपासणार कसं, कुणाला पाठवायचं दहा लाख वर्षं मागं?

मला आवडलेला भाग त्याचा शेवट आहे. १९९५ मधे सीआयएनं बाहेरच्या संस्थेकडनं याचं मूल्यमापन करून घेतलं, दोन तपासनीस नेमले, एक जेसिका अट्स, संख्याशास्त्राच्या प्रोफेसर, दुसरे रे हायमन, मानसशास्त्राचे. दोघांपुढं डेटा तोच. अट्सबाई म्हणाल्या लॅबमधले आकडे योगायोगानं येण्यासारखे नाहीत, काहीतरी आहे. हायमन म्हणाले आकडे योगायोगाचे नसतील, पण म्हणून अतींद्रिय शक्तीच असं कसं म्हणता, पद्धतीतली चूक अजून कुणाला दिसली नसेल. अन प्रत्यक्ष हेरगिरीत याचा कुठं उपयोग झाला का, तर मूल्यमापन करणाऱ्या संस्थेचं उत्तर, एकाही कारवाईत नाही, बंद करा. मी हे दोन्ही लिखाण लागोपाठ वाचलं अन खरं सांगतो, बारावीच्या पुस्तकातलं संभाव्यतेचं प्रकरण पंधरा वर्षं शिकवून जे मला पोरांच्या डोक्यात घालता आलं नाही ते या भांडणात आहे. एक स्टार फक्त याचा.

उडत्या तबकड्यांवर पण आहे, लोक तेच शोधत येतात. जेराल्ड हेन्स नावाच्या इतिहासकाराचा १९९७ चा लेख आहे. त्यात म्हणलंय की १९५५ पासून यू-२ विमान ६० हजार फुटांच्या वर उडायला लागलं, तेव्हा प्रवासी विमानं १० ते २० हजारावर असायची, एवढ्या वर चांदीसारखं काहीतरी उन्हात चमकताना दिसलं की लोक तबकडी म्हणून कळवायचे, अन १९५० च्या दशकाच्या शेवटापासून १९६० च्या दशकातले निम्म्याहून जास्त रिपोर्ट हे अशाच गुप्त विमानांचे होते. भारी वाटतं ना. पण निम्म्याहून जास्त हा आकडा आला कुठून तर त्या प्रोजेक्टवरच्या अधिकाऱ्यांचा अंदाज. मार्क अर्धे.

आता मुख्य गोष्टीवर येतो. गूढ कागद वाचून कंटाळलो तेव्हा बाजूला त्यांच्या स्वतःच्या मासिकातले लेख दिसले, स्टडीज इन इंटेलिजन्स, १९५५ पासून चालू आहे. यात शर्मन केंट या सीआयएतल्या जुन्या अधिकाऱ्यांचा १९६४ चा लेख आहे, विषय काय तर 'शक्यता आहे' म्हणजे किती शक्यता.

झालं असं की १९५१ मधे केंटच्या ऑफिसनं सरकारला अहवाल दिला की यंदा युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'गंभीर शक्यता' मानावी. मग परराष्ट्र खात्यातल्या एका मोठ्या साहेबानं केंटना सहज विचारलं, गंभीर शक्यता म्हणजे साधारण किती? केंट म्हणाले ६५ ला ३५, हल्ला होण्याच्या बाजूनं. साहेब उडालाच, त्यानं वाचून बरंच कमी धरलं होतं. केंट परत ऑफिसात आले अन ज्यांनी मिळून तो अहवाल लिहिला त्या आपल्याच माणसांना एकेक करून विचारलं, तर कुणाच्या डोक्यात ८० ला २० होतं अन कुणाच्या डोक्यात बरोबर उलटं, २० ला ८०. सगळ्यांनी त्याच वाक्याखाली मान डोलावलेली! मग त्यांनी तक्ताच केला, जवळजवळ नक्की म्हणजे ९३ टक्के, बहुतेक म्हणजे ७५, समसमान म्हणजे ५०, बहुतेक नाही म्हणजे ३०, अन प्रत्येकापुढं थोडं इकडंतिकडं चालेल असं. ऑफिसातल्या बऱ्याच लोकांना हा तक्ता आवडला नाही, हे पण त्यांनीच लिहिलंय, लोकांचं म्हणणं भाषेला आकड्यात कशाला बांधता.

सोलापूरकराला हा लेख समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडं पाणी रोज येत नाही. चावीवाल्याला विचारलं की "उद्या येतंय का" तर तो म्हणतो "बहुतेक येईल." माझी बायको बहुतेक ऐकलं की धुण्याचं बॅरल मोकळं करते, खालच्या मजल्यावरच्या काकू बहुतेक ऐकलं की टँकरवाल्याला फोन लावतात. शब्द एकच. मी दुसऱ्या दिवशी बॅचमधे कागद वाटले, बहुतेक, कदाचित, चान्स आहे, नाकारता येत नाही, नक्की, प्रत्येकापुढं टक्के लिहा. बहुतेकला एका पोरीनं ९० लिहिलं अन तिच्या शेजारणीनं ४०. 'नक्की' ला एकानं ७०. कारण विचारलं तर म्हणाला "सर आमचे पप्पा गाडी घेऊन देतो नक्की म्हणलेत तीन वर्षं झाली."

तेव्हापासून चावीवाल्याला मी टक्के विचारतो. पहिल्यांदा त्याला वाटलं मी पैशाचं बोलतोय.

अन मग ते पुस्तक, ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसलो. रिचर्ड्स ह्यूअर म्हणून सीआयएत आयुष्य काढलेला माणूस, त्यानं १९७८ ते १९८६ च्या काळात आपल्या विश्लेषकांसाठी लिहिलेले लेख, १९९९ मधे सीआयएनंच पुस्तक म्हणून काढले, सायकॉलॉजी ऑफ इंटेलिजन्स ॲनालिसिस, फुकट पीडीएफ. दोनशेच्या आसपास पानं. झेरॉक्सवाल्यानं स्पायरल करून दिलं, वर पिवळं कव्हर, बघणाऱ्याला वाटतं माझ्याच क्लासच्या नोट्स.

यातलं एक प्रकरण असं आहे की जास्त माहिती खरंच लागते का. त्यात मानसशास्त्रज्ञांचा एक जुना प्रयोग दिलाय. रेसमधे कुठला घोडा येणार हे सांगण्यात मुरलेली आठ माणसं घेतली. घोड्याबद्दलच्या ८८ बाबींची यादी दिली अन विचारलं तुम्हाला यातल्या कुठल्या सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात ते क्रमानं सांगा. मग होऊन गेलेल्या ४० रेसची माहिती नावं झाकून दिली, आधी प्रत्येकाच्या पसंतीच्या ५ बाबी, मग १०, मग २०, मग ४०, अन दर वेळी निकालाचा अंदाज सांगायचा अन स्वतःवर किती भरवसा आहे ते पण. निकाल काय, तर अंदाज ५ बाबींवर जेवढे बरोबर होते सरासरी तेवढेच ४० वर राहिले. वाढला तो भरवसा. ५ बाबी असताना भरवसा अन अचूकपणा जवळजवळ जुळत होता, नंतर भरवसा एकटाच वर वर गेला.

हे वाचलं अन मला माझा चुलतभाऊ आठवला. मोहोळकडं शेती आहे, कांदा करतो, माल सोलापूरच्या बाजारात आणतो. पूर्वी आडत्याला एक फोन करायचा, आवक किती, भाव काय, गाडी भरायची का कांदाचाळीत ठेवायचा, संपलं. आता फोनमधे चार ॲप, ग्रुप किती ते त्यालाच माहीत नाही, लासलगावचा भाव, बेंगळुरूचा भाव, निर्यातीवरच्या बातम्या, यूट्यूबवर एक जण रोज सकाळी थंबनेलवर तोंड वासून. त्याला म्हणलं एक काम कर, वहीत दोन अंदाज लिही, एक फक्त आडत्याशी बोलून, दुसरा सगळं बघून झाल्यावर, अन दोन्हीपुढं स्वतःची खात्री लिही. "दादा, तुझे क्लासमधले प्रयोग माझ्यावर नको" म्हणाला पण लिहिलं त्यानं, आठ आठवडे लिहिलं. मी बसून फरक काढला. दोन्ही अंदाज पट्टीच्या, म्हणजे विक्रीच्या पावतीवरच्या, भावापासून जवळपास सारखेच लांब. खात्री मात्र पहिल्यापुढं पन्नास, साठ अन दुसऱ्यापुढं "फिक्स". एका आठवड्यात तर पहिला अंदाज बरा होता, तो त्यानं दुसऱ्याच्या नादानं सोडला अन गाडी दोन दिवस उशिरा भरली. आठ नोंदींवरनं काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, कर्नलसाहेबांना मी वर एवढं बोललोय, पण माझ्याकडं निदान तक्ता तरी आहे.

दुसरं एक कामाचं प्रकरण आहे. ह्यूअर म्हणतो, मनात आलेलं एकच उत्तर धरून त्याचे पुरावे गोळा करत बसू नका, शक्य ती सगळी उत्तरं वर ओळीत मांडा, पुरावे खाली लिहा अन बघा कुठला पुरावा कुठलं उत्तर मोडतो. जो पुरावा सगळ्याच उत्तरांना लागू पडतो त्याची किंमत शून्य, जसं ताप आहे यावरनं माणूस आजारी आहे एवढं कळतं, कुठला आजार ते कळत नाही. वाचताना मला हसू आलं, कारण एमसीक्यूला पोरांना हेच ओरडून सांगतो, बरोबर शोधू नका बे, चुकीचे कापत जा. फरक एवढाच की मी निगेटिव्ह मार्किंगसाठी सांगतो.

आता एक स्टार का कापला ते. या वाचनालयात तुम्हाला तेच मिळतं जे मागं राहिलं. १९५३ मधे यांनी एमकेअल्ट्रा नावाचं प्रकरण सुरू केलं, माणसांवर, कित्येकांना न सांगता, एलएसडी देऊन प्रयोग. यालाही ते संशोधनच म्हणत होते, विद्यापीठं होती, दवाखाने होते. १९७३ मधे त्यावेळचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांच्या हुकमावरनं फायली नष्ट केल्या. १९७७ मधे जे वीसेक हजार कागदांचं घबाड सापडलं ते का वाचलं, तर ते हिशेबाच्या कागदांबरोबर भलत्याच ठिकाणी ठेवलेलं होतं म्हणून. म्हणजे आज आपण वाचतो ती बिलं अन मंजुऱ्या, कुणाला काय दिलं अन त्याचं पुढं काय झालं ते बहुतेक गेलं. मंगळावरच्या पिरॅमिडचा कागद अख्खा अन हा अर्धा. जे कागद आहेत त्यातही मधेच पांढऱ्या चौकोनी खिडक्या, शिक्का मारून मजकूर कापलेला. हेडफोनवाल्या पंचविसाव्या पानासाठी रील करणाऱ्यांनी याच्यावर करावी की एखादी.

शेजारचं दुकान पण याच बाबतीत वाईट. ब्रिटनची जीसीएचक्यू, तिकडची संदेश चोरून ऐकणारी हेरसंस्था. आज आपण पार्क चौकात भेळवाल्याला क्यूआर स्कॅन करून पैसे देतो ते सुरक्षित राहायला जे सार्वजनिक किल्लीचं, म्हणजे कुलूप लावायची किल्ली सगळ्यांना अन उघडायची फक्त मालकाला, असं गणित लागतं, त्याची कल्पना तिथल्या जेम्स एलिसनं १९७० मधे मांडली, १९७३ मधे क्लिफर्ड कॉक्स या नव्या पोरानं मोठ्या मूळ संख्या वापरून ती जमवली, तीही घरी बसल्या बसल्या मनातल्या मनात, कारण ऑफिसचं काम घरी कागदावर उतरवायची परवानगी नव्हती. तेच गणित १९७७ मधे अमेरिकेत तिघांनी स्वतंत्रपणे शोधलं अन जगानं त्याला आरएसए म्हणलं. जीसीएचक्यूनं तोंड उघडलं डिसेंबर १९९७ मधे. एलिस नोव्हेंबरात गेले होते. हे मी बॅचला सांगितलं तेव्हा वर्ग अख्खा गप्प होता, गेटवेच्या रीलला पण एवढे गप्प नव्हते.

कुणी वापरणार असाल तर ह्यूअर अन केंट आधी घ्या, स्टारगेटचं १९९५ चं मूल्यमापन नंतर, बाकीचं रात्री झोप येत नसेल तेव्हा. फोनवर वाचू नका. इंग्रजी जड नाही, आपल्या बारावीच्या पोराला झेपेल.

माझं स्पायरल सध्या माझ्याकडं नाही. चुलतभाऊ संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला आला होता, जाताना घेऊन गेला, वाचायला म्हणून. परवा फोनवर विचारलं तर म्हणाला इंग्रजी आहे दादा, वाचलं नाही अजून, पण जाड आहे तर कांद्याच्या पट्ट्या त्याच्यात ठेवायलोय. वर म्हणाला येत्या सोमवारी भाव वाढतोय. म्हणलं किती टक्के? थोडा वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, पंचावन्न.